एकतीस कोटींतला एक

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आकडा उडाला.

तोवर तो शहाण्यासारखा वागत होता. शून्य पॉइंट एकतीस, शून्य पॉइंट तीस, पुन्हा एकतीस. सेनाम तामाक्लोचं त्याच्याकडे धड लक्षही नव्हतं. प्रयोगशाळेत नवा कॉम्प्युटर आला होता. तो किती पळतो ते बघायला तिनं एक जुनं, कधीच सुटलेलं गणित त्याच्यावर टाकलं होतं आणि शेजारच्या टेबलावर ती विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत बसली होती. एक वही संपवून तिनं मान वर केली, तर पडद्यावर शेवटच्या ओळीत दोन पॉइंट नऊ.

तिनं चष्मा पुसला. दोन पॉइंट नऊच.

हे गणित आठ महिन्यांपूर्वी तिनंच केलेलं. व्होल्टा नदीपलीकडे दोमेकोफे नावाच्या गावी गामा किरणांचं केंद्र उभं राहत होतं. परदेशी जाणाऱ्या आंब्यातली अळी मारायची, दवाखान्यांचं बँडेज निर्जंतुक करायचं, असली कामं. सहा फूट जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींचं दालन, आत कोबाल्टच्या कांड्या, आणि भिंतीपलीकडे नियंत्रणाची खोली. त्या खोलीत एक खुर्ची. खुर्चीत बसणाऱ्या माणसाला किती किरण लागतील, एवढंच सेनामनं सांगायचं होतं. कायद्याची मर्यादा एक धरली, तर तिचं उत्तर होतं शून्य पॉइंट तीन. प्रोफेसर ओफोसुहेने यांनी त्याखाली सही केली, भिंती ओतल्या गेल्या, आणि आता कोबाल्ट घेऊन जहाज तेमा बंदराकडे निघालं होतं. अकरा दिवसांनी, शनिवारी, उद्घाटन.

आणि आता मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

असल्या जाड भिंतीतून किरण कसे वाट काढतात हे सरळ समीकरणानं सुटत नाही. म्हणून कॉम्प्युटर फासे टाकतो. एक कण सोडायचा. तो कुठं आपटला, कुणीकडे वळला, जिरला की पुढे गेला, हे प्रत्येक वळणावर फाशानं ठरवायचं. मग दुसरा कण. मग तिसरा. असे कोट्यवधी कण सोडून झाले की त्यांतले किती, आणि किती जोरानं, खुर्चीपर्यंत पोचले ते मोजायचं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! पण भातात एखादाच खडा असेल, तर तो हाताला लागेपर्यंत भात चांगलाच म्हणायचा.

आठ महिन्यांपूर्वी सेनामनं पाच कोटी कण सोडले होते. त्या वेळी दुमसोर जोरात होता. दुमसोर म्हणजे वीज गेली-आली-गेली. आक्रातल्या शेंबड्या पोरालाही हा शब्द ठाऊक. तीनदा गणित मधेच मेलं होतं. चौथ्यांदा ते पाच कोटींपर्यंत पोचलं, आकडा हलेना, चूक चार टक्क्यांच्या आत आली, आणि दोमेकोफेहून रोज फोन. तिनं गणित थांबवलं. प्रोग्रॅम शेवटी दहा कसोट्यांचा तक्ता छापतो. दहाही पार झाल्या तर उत्तरावर भिस्त ठेवावी. तिच्या तक्त्यात आठ पार होत्या, दोन नापास. अहवालात तिनं लिहिलं होतं, 'कसोट्यांचे निकाल समाधानकारक.'

तो शब्द तिला आता जसाच्या तसा आठवला. त्या वेळी लिहिताना बोट क्षणभर अडलं होतं, तेही आठवलं.

वह्या तशाच टाकून ती उठली. खिडकीपाशी गेली, परत आली. बसली, उठली. आकडा आता खाली घसरत होता, दोन पॉइंट आठ, दोन पॉइंट सात. नवे कण येत होते आणि त्यांतला एकही कण आकड्याला पुन्हा वर ढकलत नव्हता. म्हणजे एकच कण. एकतीस कोटींतला एक, पण भिंतीत झिजून आलेल्या हजारो कणांपेक्षा भारी, आणि त्यानं सगळी सरासरी पालथी केली होती.

* * *

प्रोफेसर ओफोसुहेने भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात बसले होते. वय बासष्ट, डिसेंबरात निवृत्ती. कॉम्प्युटर नव्हते त्या काळात ते गणितं शिकलेले, आणि अजूनही कुठल्याही भिंतीचं उत्तर ते पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवत. सगळे त्यांना प्रोफ म्हणत.

"प्रोफ, दोमेकोफेचा आकडा हलला."

"कुठला? आंब्यांचा?"

"खुर्चीचा."

तिनं सगळं सांगितलं. ते एकेक शेंगदाणा तोंडात टाकत ऐकत राहिले.

"एक कण," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"एकतीस कोटींत एक. अगं, एकतीस कोटी माणसं चर्चला गेली आणि एक जण दारूच्या गुत्त्यात सापडला, तर काय गाव दारुडं म्हणायचं?"

"तो गुत्त्याचा रस्ता दाखवतो ना, प्रोफ. रस्ता असेल तर खऱ्या कोबाल्टमधून सेकंदाला किती कण सुटणार!"

"मला शिकवू नकोस." पण ते चिडले नव्हते. त्यांनी खणातून एक जुनं पाकीट काढलं, त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात आकडे होते. "हे बघ. माझ्या हातचं. शून्य पॉइंट दोन आठ. तुझं शून्य पॉइंट तीन. दोन वेगळ्या वाटांनी आपण एकाच घरी पोचलो, म्हणून मी सही केली."

"तुम्ही सगळी भिंत भरीव धरली होती."

"मग काय पोकळ धरू?"

"त्यात तारांचा पाइप आहे."

प्रोफचा हात शेंगदाण्यांवरच थांबला. मग त्यांनी बोटं झटकली. "तो कण कुठून गेला ते मला दाखव. नुसता आकडा घेऊन आलीस तर मी त्या लोकांना काय सांगू? भूत दिसलं म्हणून? जहाज सोमवारी लागतंय, सेनाम."

* * *

कण कुठून गेला ते काढता येतं. प्रत्येक कणाला क्रमांक असतो, आणि तोच क्रमांक दिला की कॉम्प्युटर तेच फासे तसेच्या तसे पुन्हा टाकतो. दुपारभर सेनाम त्या एका कणाच्या मागावर होती. कोबाल्टमधून निघाला, वर गेला, छताला आपटला, तिथून कोपऱ्याकडे वळला. कोपऱ्यात, छताच्या जरा खाली, तारांच्या पाइपाचं तोंड होतं. पाइप भिंतीतून तिरपा उतरत नियंत्रणाच्या खोलीत निघत होता, खुर्चीच्या डोक्यावर. कण पाइपात शिरला आणि थेट खुर्चीत जाऊन बसला.

नकाशात तो पाइप होताच. तिनं स्वतःच्या हातानं तो गणितात घातला होता. फक्त पहिल्या पाच कोटींत एकालाही त्याचं तोंड सापडलं नव्हतं, आणि तिनं न सापडण्याचा अर्थ 'नाही' असा लावला होता.

आता गणित नीट करायचं, तर छताच्या त्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या कणांना जास्त संधी द्यायची, एकेकाचे दहा-दहा तुकडे करायचे आणि तेवढं त्यांचं वजन कमी करायचं, म्हणजे हिशेब खोटा होत नाही पण दुर्मिळ वाट पुन्हापुन्हा तपासता येते. हे तिला आठ महिन्यांपूर्वीही येत होतं. बुधवारी तिनं सगळं नव्यानं लिहिलं. सलग नऊ-दहा तास वीज हवी होती. गुरुवारी वीज अकराला गेली. शुक्रवारी नवालाच गेली. प्रयोगशाळेचा जनरेटर बायोलॉजीवाल्यांच्या फ्रिजसाठी राखलेला होता; त्यांनी तिला हात जोडले, पण वायर काही दिली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तर अंगणात मंडप उभा राहत होता. घरमालकीण आंटी कोर्कोर हिचे काका एक्याण्णवव्या वर्षी गेले होते आणि शनिवारी त्यांचा अंत्यविधी होता. तीनशे खुर्च्या, भोंगे, आणि एका ट्रकवर हा एवढा मोठा भाड्याचा जनरेटर.

सेनाम त्या जनरेटरकडे बघतच राहिली.

"आंटी, हा किती वेळ चालणार?"

"सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत. का गं? इस्त्री करायचीय?"

"नाही, एक गणित करायचंय."

आंटीनं कपाळाला हात लावला. "माझ्या काकाच्या मयताला तू गणित करणार?"

प्रकरण कुटुंबातले थोरले, नुमो टेट्टे, यांच्यापर्यंत गेलं. ते काठी टेकत आले, सेनामला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुझं यंत्र आवाज करतं का?"

"पंख्याएवढा."

"मग भोंग्यांपुढे त्याला कोण विचारतं! गेलेला माणूस रेल्वेत कारकून होता. आयुष्यभर बेरजाच केल्या त्यानं. त्याला बरंच वाटेल. पण काळे कपडे घालून बस, आणि नाचायला बोलावलं तर उठायचं."

शनिवारी सकाळी तिनं टॅक्सीनं कॉम्प्युटर आणला आणि स्वयंपाकाच्या पातेल्यांमागे एका स्टुलावर मांडला. दिवसभर बँड वाजत होता. बायका येऊन वाकून पडद्याकडे बघत आणि विचारत, हे काकांचं कोण? तिला दोनदा नाचायला नेलं. काळ्या कपड्यात, हात वर करून, घामानं निथळत ती नाचली, आणि नाचता नाचता मान वळवून पातेल्यांकडे बघत राहिली. कुणाचा पाय वायरीत अडकला तर? जनरेटरवाला जेवायला गेला आणि डिझेल संपलं तर? दोन वेळा तिनं जाऊन डिझेलची टाकी ठोकून पाहिली. जनरेटरवाला म्हणाला, "ताई, मयत तुमचं आहे की त्यांचं?"

मनातून तिला वाटत होतं की आकडा खाली यावा. शून्य पॉइंट चार, पाच, अगदी नऊसुद्धा चालेल. तो एक कण म्हणजे फाशांची थट्टा ठरावी, सोमवारी आपलं हसं व्हावं आणि सगळं मिटावं. चार वाजता आकडा तीन पॉइंट चारवर होता. साडेचारला तीन पॉइंट चार. पाचला तीन पॉइंट चार. चूक दोन टक्के. दहाही कसोट्या पार.

नुमो टेट्टे तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. "बेरीज जमली?"

"जमली, नुमो."

"मग तोंड असं का?"

तिनं यंत्र बंद केलं आणि कॉम्प्युटरची वायर काढून त्यांच्या हातात दिली.

* * *

सोमवारी प्रोफनी सगळे कागद दोनदा वाचले. मग पाकीट काढलं, त्यावर पाइप काढला, थोडं खरडलं, खोडलं. "मी हे धरायला हवं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. लगेच मोठ्यानं म्हणाले, "पण हा कागदावरचा पाइप आहे. बांधलेला पाइप कसा आहे कुणाला ठाऊक? उद्या जाऊ. आणि सेनाम, तिथे बोलायचं ते मी बोलेन."

दुसऱ्या दिवशी ते प्रोफच्या जुन्या गाडीतून निघाले. अतिम्पोकूच्या पुलाशी प्रोफनी गाडी थांबवून तळलेली कोळंबी आणि अबोलो, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे गोळे, घेतले. सेनामनं आपला वाटा त्यांच्याकडे सरकवला. प्रोफ दोघांचंही खात म्हणाले, "उपाशी माणसाचं गणित चुकतं."

दोमेकोफेला केंद्राचे मॅनेजर मि. होर्मेकू फाटकातच भेटले. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हातांत फोन. एकावर तेमा बंदर होतं, दुसऱ्यावर मंत्र्यांचं ऑफिस. "प्रोफ, चांगल्या कामासाठी आला असाल तरच आत या," ते हसून म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. "कंटेनर परवा निघतोय."

दालन अजून रिकामं होतं, काम नसताना कोबाल्टच्या कांड्या बुडवून ठेवायच्या त्या तळ्यात नुसतं निळसर पाणी. गवंड्यांचा मुकादम आतिंगा छताच्या कोपऱ्यात शिडी लावून त्यांना पाइप दाखवत होता. तो उत्तरेकडचा, बोल्गाटांगाच्या बाजूचा. बुटका, मनगटं जाड.

"नकाशात होता तसाच बसवलाय," तो शिडीवरून म्हणाला. "फक्त चार इंची मिळाला नाही बाजारात. वायरमन म्हणाला, सहा इंची टाक, तारा ओढायला सोपं. म्हणून सहा इंची आहे."

सेनामनं प्रोफकडे पाहिलं. प्रोफनी डोळे मिटून घेतले. चारचे सहा म्हणजे तोंड सव्वादोन पट मोठं. तीन पॉइंट चार आता साडेसातच्या पुढे गेलं.

"मी तेव्हाच विचारलं होतं," आतिंगा खाली उतरत म्हणाला. "आमच्याकडे घराचं दार सरळ ठेवत नाहीत, मॅडम. आत शिरलं की समोर भिंत. वाकून, वळूनच यायचं. म्हटलं, एवढी सहा फुटी भिंत बांधता आणि तिला सरळ भोक पाडता? वायरमन म्हणाला, तू सिमेंट कालव."

"तांत्रिक गोष्टी तांत्रिक माणसांना बोलू दे," होर्मेकू म्हणाले.

नियंत्रणाच्या खोलीत यायरा बसला होता, केंद्राचा ऑपरेटर. तिथली मंडळी त्याला एफो यायरा म्हणत, म्हणजे यायरादादा. तीन महिने प्रशिक्षण घेऊन आला होता आणि खुर्ची त्याला आधीच इतकी सवयीची झाली होती की पाठीला उशीसुद्धा बांधली होती. सेनामला ती उशी बघवेना.

"मला एक गोष्ट करून बघू द्या," प्रोफ म्हणाले. "आतिंगा, दालनातले सगळे दिवे लाव. यायरा, इथले घालव. पडदा ओढ."

खोलीत अंधार झाला. थोड्या वेळानं डोळे सरावले तसं खुर्चीच्या वर, पाइपाच्या तोंडाशी, एक फिकट गोल दिसू लागला. दिवे कुठे दिसत नव्हते. छतावरून परतलेला उजेड तेवढा पाइपातून उतरत होता. यायराच्या केसांवर, खांद्यावर तो पडला होता.

होर्मेकूंचा एक फोन वाजला, त्यांनी तो बंद केला.

"असंच कोबाल्टचं होणार?" त्यांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"पाहिलंत ना स्वतःच," प्रोफ म्हणाले.

"नाही," सेनाम म्हणाली.

प्रोफनी अंधारात तिच्या पायावर पाय दिला. ती बोलतच राहिली. "म्हणजे, पाइप धोक्याचा आहेच. पण हा उजेड त्याचा पुरावा नाही. गामा किरण काँक्रीटवरून उजेडासारखे परतत नाहीत, खूप कमी परततात. पाइप वाकडा असता आणि उजेड दिसला नसता, तरी मी सुरक्षित म्हटलं नसतं. पुरावा गणितात आहे."

"त्याच गणितात, जे आठ महिन्यांपूर्वी बरोबर होतं?" होर्मेकूंनी दिवा लावला. त्यांच्या आवाजात पुन्हा धार आली होती.

"ते चूक होतं. माझी चूक होती. मी ते लवकर थांबवलं, दोन कसोट्या नापास होत्या आणि मी समाधानकारक असं लिहिलं."

यायरानं खुर्ची थोडी मागे सरकवली. होर्मेकू प्रोफना म्हणाले, "डोंगर पोखरून उंदीर काढायचा, आणि तोही आठ महिन्यांनी. बाहेर या जरा."

परतीच्या वाटेवर प्रोफनी पुलापर्यंत गाडी जोरात हाणली. मग एकदम म्हणाले, "दार उघडलं होतं. माणूस आत येत होता. आणि तू त्याला सांगितलंस की हे दारच नव्हे!"

"खोटा पुरावा होता, प्रोफ."

"खोटा नव्हता. सोपा होता! आयुष्यभर मी लोकांना सोपं करून सांगत आलोय. त्यांना तुझे फासे कळणार आहेत का?"

"सोपं करूनच मी समाधानकारक लिहिलं होतं."

प्रोफनी गाडी बाजूला घेतली. खाली व्होल्टाचं पाणी जोरात वाहत होतं. "माझी सही आहे त्यावर," ते म्हणाले. "पस्तीस वर्षांत मी एकही सही मागे घेतलेली नाही. डिसेंबरात जाणार होतो मी. सगळे भाषणं करणार होते."

सेनामला वाटलं, त्यांच्या हातावर हात ठेवावा. पण तसं करायची रीत नव्हती. ती म्हणाली, "पत्र मी लिहिते. चूक माझी म्हणून लिहिते."

"वेडी आहेस." त्यांनी गाडी सुरू केली. "पाइप मी धरला नाही आणि कसोट्यांचा तक्ता मी वाचला नाही. 'आमची' म्हणून लिही."

* * *

पत्र बुधवारी गेलं. कोबाल्टचा कंटेनर तेमालाच थांबला, उद्घाटन सात आठवडे पुढे गेलं. जुना पाइप शिशाच्या गोळ्या आणि सिमेंटनं ठासून बुजवला. तारांसाठी फरशीखालून दोन वळणं घेणारी नवी वाट काढली. तिचं गणित दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं, सेनामला त्याला हातही लावू दिला नाही. तिला कळलं ते उत्तर तेवढंच: नवी वाट ठीक. जुन्या पाइपाचं गणित कुणी तपासलं नाही. बुजवलेल्या भोकाचं गणित कशाला?

तोवर बातमी पसरली होती. एका दवाखान्याच्या किरणोपचाराच्या खोलीचं काम तिच्याकडे येणार होतं, ते दुसऱ्या कुणाकडे गेलं. विभागाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "सेनामला विचारू नका, ती तीस कोटी मोजेपर्यंत पेशंट मरेल." सगळे हसले. तीही हसली, आणि नंतर जिन्यात थांबून उगाचच बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत बसली. झोप लागे, पण मधेच जाग येई आणि मनात आकडे चालू असत. तीन पॉइंट चार. साडेसात. पाइपाच्या भिंतीची जाडी आपण बरोबर घेतली होती ना? काँक्रीटमधलं पाणी? बरोबर आहोत असं म्हणावं तर एकदा तेच म्हणून फसलेली. चूक असू असं म्हणावं तर सात आठवडे सगळ्यांना उगाच वेठीस धरलेलं. दोन्हीकडून चैन नव्हती.

कोबाल्ट तळ्यातून पहिल्यांदा वर काढायच्या दिवशी प्रोफनी तिला बरोबर नेलं. "मोजमाप तूच घे," ते म्हणाले.

होर्मेकू, दोन सरकारी तपासनीस, प्रोफ, सगळे नियंत्रणाच्या खोलीत उभे होते. यायरानं बटण दाबलं. भिंतीपलीकडे साखळीचा खडखडाट झाला आणि लाल दिवा लागला. सेनामनं मापकयंत्र खुर्चीवर धरलं, मग खुर्चीच्या वर, जिथे पाइपाचं तोंड होतं तिथे. सिमेंटचा गोल डाग अजून ओलसर रंगाचा दिसत होता. काटा हलला नाही. ती बाहेर अंगणात जाऊन आली. तिथे आंब्याच्या झाडाखालीही तेवढाच काटा.

"काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही!" होर्मेकू तपासनिसांकडे वळले. "सात आठवडे थांबलो, साहेब, ह्या काही-नाहीसाठी." ते आता मोकळेपणानं हसत होते, त्यात खुनशीपणाही नव्हता. खरोखरच काही नव्हतं, काटा सगळ्यांसमोर होता. तपासनिसांनी कागदावर आकडा लिहिला. प्रोफनी सेनामकडे पाहिलं आणि खांदे किंचित उडवले. तिला ठाऊक होतं, प्रोफनाही ठाऊक होतं, की भोक बुजवलं त्या दिवशीच तिचा आकडा खरा की खोटा हे कळायची वाट कायमची बुजली.

मंडळी जेवायला बाहेर गेली. सेनाम मापकयंत्राची वायर गुंडाळत मागे राहिली. यायरा खुर्चीतच होता, पहिल्या दिवशी जागा सोडायची नाही म्हणून डबा तिथेच उघडला होता.

"मॅडम," त्यानं विचारलं, "ते भोक तसंच ठेवलं असतं तर काटा किती आला असता?"

"माझ्या गणितानं, मर्यादेच्या साडेसात पट."

"नक्की?"

"नाही. मोजलेलं नाही ना. मोजायचं तर भोक ठेवायला लागलं असतं, आणि महिनोन्‌महिने..." ती थांबली.

यायरानं मक्याच्या पिठाच्या अक्प्लेचा घास मोडला, रश्शात बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. "मग ते मोजायचं यंत्र मीच झालो असतो की," तो म्हणाला.

त्यानं घास तोंडात टाकला आणि पायानं दुसरं स्टूल तिच्याकडे ढकललं. "बसा. इतकं माझ्या बायकोनं एकट्यासाठी केलंय होय! हात धुवा तिथे."

भिंतीपलीकडे साखळी पुन्हा खडखडली. आंब्यांच्या पहिल्या पेट्या आत सरकत होत्या. सेनाम क्षणभर कान देऊन उभी राहिली, आवाज एकसारखा आहे ना ते ऐकत. मग हात धुवायला गेली.